मास्तरांचे मिटलेले डोळे

मित्रांनो, मी एक जुना आरसा आहे. उंचीला माणसाएवढा, तीन झडपांचा आणि स्वभावाने जरा मानी. शिंप्याच्या दुकानात आतल्या बाजूला, पडद्यामागे, लोक नवा कोट घालून बघतात तिथे माझा मुक्काम असतो. माझ्या उजव्या झडपेवर वरपासून खालपर्यंत एक तडा गेला आहे. नवीन गिऱ्हाईक आलं की आधी त्या तड्याकडे बघतं आणि मग स्वतःकडे. मला त्याचा राग येतो. पण तो तडा कसा पडला हे कळलं तर तुम्हाला बहुतेक वाईटच वाटेल. तेच सांगायला बसलो आहे.

माझी काच एका कारखान्यात ओतली गेली. तिथे माझ्या पाठीला चांदीचा मुलामा चढला आणि त्यावर तांबडा रंग बसला. मग एका सुताराने मला तीन लाकडी चौकटींत बसवलं आणि बिजागऱ्या लावल्या. बिजागऱ्या बसवताना तो सारखा शिंकत होता, म्हणून माझी डावी झडप आजही किंचित तिरकी आहे. मला विकत घेतलं ते थोरल्या मास्तरांनी, म्हणजे आताच्या शिंपीमास्तरांच्या वडिलांनी. पहिल्याच दिवशी ओल्या वर्तमानपत्राने मला पुसता पुसता ते म्हणाले, "गिऱ्हाइकाला खोटं दाखवायचं नाही, बाबा. एवढं सांभाळ." मी ते सांभाळलं. कोणी पोट आत ओढून उभं राहिलं तर मी आत ओढलेलं पोट दाखवलं, आणि श्वास सोडला तर सोडलेलंही दाखवलं. लोक म्हणत, "मास्तर, आरसा झकास आहे हो तुमचा." ते ऐकून मी फुगायचो. खोटं कशाला सांगू?

थोरले मास्तर गेले आणि दुकान मुलाकडे आलं. आता त्यांनाच सगळे मास्तर म्हणू लागले. हातात कात्री असली की त्यांच्याएवढा शांत माणूस मी पाहिला नाही. पण एक खूळ त्यांच्या डोक्यात लहानपणापासून होतं. त्यांना जादूचे प्रयोग करायचे होते. वडिलांच्या धाकाने ते इतकी वर्षं गप्प होते. वडील गेल्यावर वर्षभराने त्यांनी एका दुपारी दुकानाचं दार लोटून घेतलं, माझ्यासमोर उभे राहिले आणि धाग्याचं एक रीळ मुठीत लपवायचा प्रयत्न केला. ते रीळ तीनदा माझ्या पायाशी पडलं.

त्या दिवसापासून दुपारी एक ते तीन माझ्या दोन्ही कडेच्या झडपा उघड्या असायच्या, आणि मध्ये मास्तर. सकाळी माप घेतानाही त्यांच्या तळहातात एक बटण दडवलेलं असायचं. टेप धरायची, खडू धरायचा, वहीत आकडे लिहायचे, पण बटण पडता कामा नये. एकदा एका जाड्या वकिलांच्या कमरेचं माप घेताना ते बटण वकिलांच्या बुटात पडलं. वकील घरी जाईपर्यंत लंगडत गेले म्हणे.

मास्तरांनी खाकी कव्हर घातलेली एक वही केली होती. तिच्यात ते नव्या कल्पना लिहायचे. पत्त्यांचे आणि रुमालांचे प्रयोग कोणीही करतं, आपण आपल्या धंद्यातल्या वस्तू घेऊन काहीतरी करू, असं त्यांच्या मनात होतं. लांब होत जाणारी टेप त्यांनी महिनाभर खपून तयार केली. ती गमतीची टेप आणि खरी टेप एकाच खिळ्याला टांगली गेली, आणि शाळेतल्या ड्रिलमास्तरांची पँट चार इंच आखूड झाली. त्या दिवशी मास्तरांना जो अहेर मिळाला तो इथे सांगण्यासारखा नाही.

या सगळ्याला एकच प्रेक्षक होता. मास्तरीणबाई, म्हणजे मास्तरांची बायको. दुकानातली काजं-बटणं आणि हातशिलाई त्यांच्याकडे असायची. दुपारी त्या माझ्या समोरच, जरा कडेला, एका लाकडी स्टुलावर बसायच्या, मांडीवर शर्ट, तोंडात धागा. मास्तरांनी काही करून दाखवलं की त्या मान वर करायच्या आणि दोनच शब्दांत निकाल द्यायच्या. चोरी पकडली तर "दिसलं", नाही पकडली तर "नाही दिसलं". बस. "नाही दिसलं" ऐकलं की मास्तर लहान मुलासारखे उडी मारायचे. मी त्या दोघांना रोज बघायचो. माझ्या आयुष्यातला तो सगळ्यात चांगला काळ होता, हे मला तेव्हा कळलं नाही.

मग मास्तरांना बटणाची कल्पना सुचली.

ती खरोखर नामी होती. प्रेक्षकांतल्या एकाच्या कोटाचं बटण मास्तर कात्रीने कचकन कापणार. ते बटण उजव्या हातातून डाव्या हातात देणार, मूठ उघडणार, तर बटण गायब. मग स्वतःच्या कोटाची कॉलर उलटणार, आणि तिथे तेच बटण, चारही भोकांतून दोरा घालून पक्कं शिवलेलं! आता तुम्ही विचाराल, दुसऱ्याच्या कोटासारखंच हुबेहूब बटण आधीपासून कॉलरखाली कसं? अहो, अर्ध्या गावाचे कोट मास्तरांनीच शिवलेले. कोणाच्या कोटाला कुठलं बटण आहे, हे त्यांना झोपेतही सांगता आलं असतं. ही करामत शिंपीच करू जाणे.

फक्त एक जागा अवघड होती. बटण डाव्या हातात दिल्यासारखं करायचं आणि उजव्यातच ठेवायचं. मास्तरांनी त्यावर दोन महिने घालवले. मास्तरीणबाई रोज म्हणायच्या, "दिसलं."

एके दिवशी मास्तर चिडले. "काय दिसलं? रोज रोज काय दिसतं गं तुला?"

"बटण नाही दिसलं," बाई म्हणाल्या. "तुमचे डोळे दिसले. बटण लपवताना तुम्ही डोळे मिटता."

"मी? डोळे मिटतो?"

"हो. बरोब्बर त्याच वेळी."

मास्तर माझ्याकडे वळले. त्यांनी मला दहा वेळा तो प्रयोग करून दाखवला. दहाही वेळा त्यांनी माझ्यात टक लावून पाहिलं आणि मग विजयी चेहऱ्याने बाईंकडे बघितलं. "बघ! एकदा तरी मिटले का? एकदाही नाही!"

मित्रांनो, मी तुम्हाला काय सांगू? दहाही वेळा मिटले होते. पापणी खाली यायची, बटण सरकायचं, पापणी वर जायची. मिटलेल्या डोळ्यांनी आरशात मिटलेले डोळे कसे दिसणार? उलट त्यांना तो प्रयोग फारच सफाईदार वाटायचा, कारण नेमकी चोरीच त्यांना दिसत नव्हती. आपल्याच हातांच्या करामतीला ते स्वतः फसत होते. मी सगळं जसंच्या तसं दाखवत होतो आणि बघणारा नेमका तेवढा क्षण सोडून बघत होता. माझा नुसता जळफळाट झाला, पण आरशाला कुठली जीभ?

बाई म्हणाल्या, "आरशाला काय विचारता? मी बघतेय ना."

तेव्हा मास्तर जे बोलले ते बोलायला नको होतं. "तुझं काम बटणं लावायचं. तू तेवढंच बघ. आरसा तुझ्यापेक्षा खरं सांगतो मला."

 बाईंनी मांडीवरच्या शर्टाची घडी केली, दाताने धागा तोडला, स्टूल उचललं आणि त्या पडद्याबाहेर जाऊन बसल्या. स्टुलाचे चार पाय जिथे टेकायचे तिथे फरशीवर चार फिकट डाग उरले. ते मला समोरच दिसायचे. माझं नाव घेऊन त्या बाईचा पाणउतारा झाला होता, आणि मला त्याची लाज वाटत होती.

चार महिने मास्तरांनी फक्त मला प्रयोग दाखवले. मी "दिसलं" म्हणत नव्हतो, त्यामुळे त्यांना वाटलं आता काहीच दिसत नाही.

अशातच वाचनालयाचे चिटणीस दुकानात आले. वाचनालयाच्या वार्षिक कार्यक्रमात सभासदांनी आपली कला सादर करायची होती, आणि कोणीतरी त्यांना मास्तरांच्या छंदाबद्दल सांगितलं होतं. "वीस मिनिटं देतो, मास्तर. जमेल?" मास्तर बावन्न वर्षांचे होते. आयुष्यात पहिल्यांदा त्यांना कोणी रंगमंचावर बोलावत होतं. जमेल म्हणताना त्यांचा आवाज फाटला. चिटणीस गेल्यावर त्यांनी माझ्यासमोर येऊन स्वतःलाच नमस्कार केला आणि मग इकडे तिकडे बघितलं, कोणी पाहिलं तर नाही ना म्हणून.

कार्यक्रमाच्या आदल्या दिवशी वाचनालयाच्या ग्रंथपालांच्या तपकिरी कोटाला होतं तसलं एक बटण मास्तरांनी बाईंसमोर ठेवलं. बाईंनी ते मास्तरांच्या काळ्या कोटाच्या कॉलरखाली शिवून दिलं. पडद्याच्या फटीतून मला दिसत होतं. चार भोकांतून त्यांनी दोरा सहा वेळा फिरवला, इतकं पक्कं त्या गिऱ्हाइकालाही कधी लावत नसत. मग म्हणाल्या, "अजून सांगते. डोळे." मास्तरांनी न ऐकल्यासारखं केलं.

शेवटच्या घटकेपर्यंत सराव करता यावा म्हणून मास्तरांनी मलाही सभागृहात नेलं. जुन्या चादरीत गुंडाळून, हातगाडीवर घालून. तिथे मला रंगमंचाच्या बाजूला, पडद्याआड उभं केलं. तिथून मला मास्तर दिसत होते आणि पुढच्या चार-पाच रांगाही. आयुष्यभर मी एका वेळी एकच माणूस पाहिलेला. एवढी तोंडं एकदम बघून माझीच छाती दडपली. मास्तरीणबाई चौथ्या रांगेत कडेला बसल्या होत्या, पदराचं टोक बोटाला गुंडाळत.

सुरुवात चांगली झाली. लांब होणाऱ्या टेपला लोक खळखळून हसले. मग वीस मिनिटं भरायला बसवलेले नाण्याचे प्रयोग सुरू झाले. पहिल्या रांगेत पुढचे दोन दात पडलेली एक मुलगी बसली होती. तिचे पाय जमिनीला टेकत नव्हते. पहिलं नाणं गायब झालं तेव्हा तिने कपाळाला आठी घातली. दुसऱ्या वेळी ती आईच्या कानात काहीतरी बोलली. तिसऱ्या वेळी, मास्तरांच्या पापण्या खाली आल्या त्याच क्षणी, ती मोठ्याने म्हणाली, "आत्ता!"

आजूबाजूचे हसले. मास्तरांना वाटलं मूल खूश झालं आहे. तेही हसले. त्यांनी चौथं नाणं काढलं.

"आत्ता!" मुलगी ओरडली. आणि मग बसल्या जागी वळून सगळ्यांना सांगू लागली, "काका डोळे मिटतात ना, तेव्हा लपवतात! डोळ्यांकडे बघा!"

आता अख्खं सभागृह मास्तरांच्या डोळ्यांकडे बघू लागलं.  मी मनात म्हटलं, थांबा मास्तर, बटणाचं काढू नका. पण ते खाली उतरले, ग्रंथपालांकडे गेले आणि त्यांच्या कोटाचं मधलं बटण कचकन कापलं. "अरे अरे!" करून ग्रंथपाल उठले, लोक हसले. मास्तर परत वर आले. बटण सगळ्यांना दाखवलं. उजवा हात डाव्याकडे नेला.

"आत्ताऽऽ!" या वेळी एकटी मुलगी नव्हती. दोनशे माणसं होती.

मास्तरांनी डावी मूठ उघडली. रिकामी होती. कोणालाही आश्चर्य वाटलं नाही. मागून कोणीतरी ओरडलं, "मास्तर, आता उजवी उघडा की!" आणि छप्पर उडेल असा हशा झाला.

त्या क्षणी मी चौथ्या रांगेकडे पाहिलं. मास्तरीणबाईंनी स्वतःचे डोळे घट्ट मिटून घेतले होते.

मास्तर तसेच उभे राहिले. कॉलर उलटायची बाकी होती. सगळ्यात सुंदर भाग तोच होता, आणि तो पाहून कदाचित लोक गप्पही झाले असते. पण त्यांनी कॉलर उलटलीच नाही. उजवी मूठ उघडली, ते बटण ग्रंथपालांच्या हातात नेऊन दिलं आणि पडद्याआड माझ्यासमोर आले. बराच वेळ माझ्यात बघत राहिले. मग म्हणाले, "तू तरी सांगायचंस रे."

मित्रांनो, एवढ्या वर्षांत माझ्याशी कोणी इतकं वाईट बोललं नव्हतं, आणि इतकं खरंही. परतताना त्यांनी मला चादरीत गुंडाळलं नाही, दोरीने बांधलंही नाही. गाडीचं चाक एका खड्ड्यात गेलं आणि माझी उजवी झडप तडकली. दुकानात आल्यावर त्यांनी मला भिंतीकडे तोंड करून उभं केलं.

आरशाने भिंतीकडे तोंड करून जगायचं म्हणजे काय, याची तुम्हाला कल्पना यायची नाही. मला फक्त ऐकू यायचं. दुसऱ्याच दिवशी ग्रंथपाल "बटण लावून द्या" म्हणत आले आणि बाईंनी ते लावून दिलं. त्यानंतर रस्त्यावरून जाणारी टवाळ माणसं दारातून "मास्तर, आत्ता!" असं ओरडून जायची. गिऱ्हाइकं आपसांत म्हणायची, मास्तर माप घेताना मान खाली घालतात. कोणाच्या डोळ्याला डोळा भिडवत नाहीत. एकदा मास्तरांनी ती खाकी वही रद्दीत टाकली, तेव्हा बाईंचा आवाज आला, "ठेवा ती. मला बटणांच्या खणात घालायला कागद हवाय." आणि खण बंद झाल्याचा आवाज झाला. याखेरीज दोघं कामापुरतंच बोलायची. "तो निळा शर्ट झाला का?" "झाला." दुपारी एक ते तीन शिलाई मशीन चालू असायचं. माझ्या काचेवर कोळ्याने जाळं केलं, आणि मी म्हटलं, ठीक आहे, माझी हीच लायकी.

असे सात-आठ महिने गेले. मग एका दुपारी मला बाईंचा आवाज अगदी जवळून आला. "गिऱ्हाइकाने काय भिंतीला विचारायचं का, कोट कसा बसलाय म्हणून?" त्यांनी मला धरून गोल फिरवलं आणि ओल्या वर्तमानपत्राने पुसलं, तडासुद्धा, बोट कापणार नाही असं जपून. उजेड माझ्या अंगावर आला. मास्तर मशीनवर बसले होते. ते फार वाळले होते.

बाई बाहेर गेल्या आणि स्टूल घेऊन आल्या. फरशीवरचे चार डाग अजून होते, त्यांवरच त्यांनी ते ठेवलं. खणातून एक बटण काढलं आणि माझ्यात बघत, उजव्या हातातून डाव्या हातात देऊ लागल्या. ते बटण पडलं. उचललं. पुन्हा पडलं. तिसऱ्यांदा ते त्यांच्या बोटांतून सरळ बाहेर डोकावत होतं.

मशीन थांबलं. मास्तर बघत होते. वाकडी शिवण बघून शिंप्याला जसं राहवत नाही, तसं त्यांना राहवेना. "अंगठा आत घे," ते म्हणाले.

बाईंनी अंगठा आत घेतला. "असा?"

"हं. आता हात ओढ. अगं हळू." मास्तर उठून जवळ आले. "पुन्हा कर."

बाईंनी पुन्हा केलं. बटण या वेळी छान लपलं.

"डोळे मिटलेस," मास्तर म्हणाले.

"छे! मी आरशात बघतेय की. उघडेच होते."

 मास्तर बाईंकडे बघत होते, मग माझ्याकडे, मग पुन्हा बाईंकडे. बाईंनी ते डोळे मुद्दाम मिटले होते की आपोआप मिटले गेले, हे मला समोर असूनही आजवर कळलेलं नाही.  मग मास्तर फरशीवरच बसले आणि त्यांच्या तोंडून कसंबसं निघालं, "मी तुला काय काय बोललो गं."

"बोललात खरे," बाई म्हणाल्या. त्यांनी "जाऊ द्या" म्हटलं नाही. तेही मला बरं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मास्तरांनी दुसरं एक स्टूल आणलं आणि बाईंसमोर ठेवलं. ते माझ्याकडे पाठ करून बसले. "सांग," ते म्हणाले. बटण हललं. "दिसलं," बाई म्हणाल्या. "पुन्हा करतो." "दिसलं." "पुन्हा." त्या दिवसापासून दुपारी हेच चालतं. मास्तरांनी मनाशी ठरवलं होतं, ही "नाही दिसलं" म्हणेपर्यंत कोटाची कॉलर उलटायची नाही. काळा कोट खुंटीवरच होता, आणि बाईंनी सहा फेऱ्यांनी शिवलेलं ते बटण कोणी न पाहिलेलं, तसंच कॉलरखाली.

मित्रांनो, मी आता म्हातारा झालो आहे. पाठीचा मुलामा कडेने उडतो आहे. माझं मागणं थोडं आहे. आठवड्यातून एकदा मला पुसा, आणि न्यायची वेळ आली तर चादरीत गुंडाळून न्या. पण त्याहून मोठं मागणं वेगळं आहे. तुम्ही काही शिकत असाल, काही नवं करून बघत असाल, तर नुसतं माझ्यासमोर उभे राहू नका. मी खोटं दाखवत नाही, पण तुमचे डोळे मिटले तर मला तुम्हाला हाक मारता येत नाही. त्यासाठी माणूस लागतो. तो "दिसलं" म्हणाला तर राग येईल. येऊ द्या. पण त्याच्याखालचं स्टूल काढून घेऊ नका. माझ्यासारख्याला तडा गेला तर चालवून घेता येतं.

परवाची एक गोष्ट सांगतो आणि थांबतो. मास्तर काळा कोट घालून बसले होते. त्यांनी बटण उजव्या हातातून डाव्या हातात दिलं आणि मूठ उघडली.  मास्तरांचे खांदे ताठ झाले.

"नाही दिसलं," बाई म्हणाल्या.

मास्तरांनी या वेळी उडी मारली नाही. त्यांचा हात कॉलरकडे गेला, आणि त्यांनी ती उलटली. त्यांचे डोळे खरोखर उघडे राहिले होते, की बाईंनी त्यांचं मन राखलं, हे मी कसं सांगू? मला त्यांची फक्त पाठ दिसत होती. पण बाईंचा चेहरा माझ्या समोर होता. सभागृहात त्यांनी घट्ट मिटून घेतलेल्या त्या डोळ्यांवरून मी एक क्षणही नजर काढली नाही. सुरुवातीपासून कॉलर उलटेपर्यंत ते सताड उघडे होते.